कारवीचा मुहूर्त

आमच्या घरात कारवी दोनदा हुकली. पहिली गृहकर्जात गेली, दुसरी मुलीच्या बारावीत.

ज्यांना कारवी ही एखादी सरकारी योजना वाटली असेल त्यांच्यासाठी सांगतो, ते एक झुडूप आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात डोंगरउतारावर ते पुरुषभर उंच आणि गच्च माजलेलं असतं. सात वर्षं नुसतं वाढतं, आठव्या वर्षी डोंगरावरचं सगळंच्या सगळं एकदम फुलतं, बी धरतं आणि मरून जातं. मुंबईतल्या कारवीचं हे वेळापत्रक २००८, २०१६, २०२४ असं बिनचूक चालत आलेलं आहे. आमच्या आठ-तेराच्या लोकलला जे एका आठवड्यात जमत नाही, ते या झुडपाला घड्याळाशिवाय जमतं.

२००८ साली आम्ही नुकतेच बोरिवली पूर्वेला राहायला आलो होतो. पार्काचं फाटक घरापासून चालत बारा मिनिटं. फ्लॅट दाखवताना दलालाने मला गॅलरीत उभं करून ‘बघा, जंगल!’ म्हटलं होतं, आणि ते खरोखर दिसत होतं. पहिले चौदा महिने. मग समोर बावीस मजली इमारत उभी राहिली. तिच्या नावात मात्र ‘ग्रीन’ आहे. तर त्या वर्षी हप्ते फेडायला मी शनिवार-रविवारीही कामावर जात होतो. कारवी फुलली हे मला वर्तमानपत्रात कळलं, तेही पोह्यांखाली पसरलेल्या.

२०१६ साली मुलगी बारावीला. बारावीच्या वर्षात मराठी घरात लग्नं, पाहुणे, टीव्ही आणि मोठ्याने शिंकणं बंद असतं. मी भीत भीत कारवीचं नाव काढलं तर बायको म्हणाली, “पुढच्या वेळी बघू. कारवी काय पळून जातेय?” कारवी पळून जात नाही, मरते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

त्या वर्षी धरलेलं बी २०१७च्या पावसात रुजलं. त्याच पावसात आमची मुलगी इंजिनिअरिंगला गेली. म्हणजे दोघींचं शिक्षण एकदमच सुरू झालं म्हणा ना. मुलगी चार वर्षांत पदवी घेऊन बंगळुरूला गेली. कारवीने सात वर्षं एक कळीही न दाखवता काढली. असा एक जण आमच्या वसतिगृहातही होता. पण तो आठव्या वर्षीही फुलला नाही.

तर २०२४. ऑगस्टमध्येच आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला: ‘कारवी फुलत आहे. इच्छुकांनी नावे द्यावीत. नाश्ता आपापला.’ लगोलग एकतीस अंगठे वर आले. आता तारीख. ऑगस्टमध्ये पाऊस फार. मग दहीहंडी. मग गणपती, गौरी, विसर्जन, आणि विसर्जनानंतर उरलेले मोदक संपेपर्यंत कुणाला उठवत नव्हतं. शेवटी पितृपक्ष लागला. पितृपक्षात आमच्याकडे कुणी साधा मिक्सर विकत घेत नाही, मग साखरपुडा-वास्तुशांत तर दूरच. त्यामुळे सगळेच मोकळे. २९ सप्टेंबरचा रविवार ठरला. आठ वर्षांनी येणाऱ्या बहरासाठी आम्ही वर्षातला असा पंधरवडा निवडला, ज्यात शुभकार्य करत नाहीत. फळही तसंच मिळालं.

कारण बुधवारी, २५ तारखेला, पावसाने मुंबईला असं झोडपलं की दुसऱ्या दिवशी शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मी खिडकीतून पाणी बघत होतो आणि बायकोला म्हणत होतो, “जंगल काय हिरवं झालं असेल!” फुलं ही पाण्याने पडणारी वस्तू आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला फाटकाशी जमायचं होतं. एकतीस अंगठ्यांपैकी चौदा माणसं आली, तीही सव्वासातपर्यंत. मार्गदर्शक म्हणून एक तरुण मुलगी होती: पायात चिखलाने रंगलेले बूट, गळ्यात दुर्बीण आणि चेहऱ्यावर, सोसायट्यांच्या सहली नेऊन नेऊन आलेली, एक विरक्त शांतता. तिच्याबरोबर पाड्यावरचे एक दादा होते. पार्काच्या आत वारली लोकांचे पाडे आहेत, आपली सोसायटी रजिस्टर होण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. दादांच्या हातात काठी होती आणि तोंडात शब्द नव्हता.

आमच्या तुकडीत सेक्रेटरी होते, तळमजल्यावरच्या काकू होत्या, एक गुजराती जोडपं होतं, आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी आईने बळेच धाडलेला आठवीतला एक मुलगा होता. शिवाय बी-विंगमधले कॅमेरेवाले. यांची लेन्स इतकी लांब आहे की ते स्वतः अजून फाटकात असताना ती आत पोचली होती.

मुलीने सुरुवातीलाच सूचना दिल्या. मोठ्याने बोलायचं नाही, काही तोडायचं नाही, माकडांना खायला घालायचं नाही. “आणि बिबट्या समोर आला तर पळायचं नाही. खाली वाकायचं तर अजिबात नाही. सरळ उभं राहायचं, एकमेकांजवळ.”

“वाकण्याची काळजीच नको,” काकू म्हणाल्या. “दोन हजार एकोणीसपासून मला वाकताच येत नाही.”

बिबट्याच्या बाबतीत आमच्या तुकडीचं धोरण असं होतं, की तो दिसायला हवा, पण आपण त्याला दिसता कामा नये. मुलीने सांगितलं, २०१५ साली कॅमेरे लावून ठिपक्यांवरून मोजणी केली तेव्हा इथे पस्तीस बिबटे भरले होते. प्रत्येकाच्या अंगावरची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशासारखी. पस्तीस हा आकडा ऐकून सेक्रेटरी गंभीर झाले. आमच्या सोसायटीत चौसष्ट फ्लॅट आहेत आणि वार्षिक सभेला पस्तीस डोकी आजवर जमलेली नाहीत.

“तुम्ही पाहिलाय का हो बिबट्या?” कॅमेरेवाल्यांनी दादांना विचारलं.

“हो.”

“कधी?”

“परवा.”

सगळे थांबले. आठवीतल्या मुलाने वही काढली.

“मग? काय केलंत?”

“काय करणार? तो त्याच्या वाटेने गेला, मी माझ्या. मला पहिली पाळी होती.”

एवढ्यावर गोष्ट संपली. हाच प्रसंग आमच्यापैकी कुणावर आला असता तर तो निदान सहा दिवाळ्या पुरवला असता, आणि चौथ्या दिवाळीला बिबट्याचा वाघ झाला असता.

आता खरी पदयात्रा. मी आधीच कबूल करतो की झाडांतलं मला काही कळत नाही. मी झाडं ताटातून ओळखतो. टाकळा भाजी होऊन आला की ओळखतो, जूनमध्ये शेवळं काकडं घालून शिजली की डोळे मिटून ओळखतो, कुड्याच्या शेंगाही ओळखतो. पण तोच टाकळा पिवळी फुलं लावून वाटेत उभा राहिला, तर मी त्याला ओलांडून पुढे जातो. पावसाळ्यात पाड्यावरच्या बायका कंटोळी-फोडशीचे वाटे घेऊन बाहेर रस्त्याकडेला बसतात, तेवढाच माझा वनस्पतिशास्त्राचा वर्ग.

काकूंचं ज्ञान वेगळ्या खात्यातलं होतं. त्या झाडं पूजेतून ओळखत होत्या. मुलीने एका उभट तुऱ्याच्या झुडपाकडे बोट दाखवून लॅटिन नाव सुरू केलं, तर ते संपायच्या आत काकू म्हणाल्या, “अगं, हा आघाडा! श्रावणात जिवतीला लागतो. मंडईत एवढ्याशा जुडीला दहा रुपये घेतात.” मग त्यांनी माका दाखवला, डोरली दाखवली, आणि आधीच्या पंधरवड्यात गणपतीला पत्री म्हणून वाहिलेल्यातली निम्मी नावं त्यांना जागेवर उभी असलेली भेटली. मुलगी थक्क झाली. काकूही थक्क झाल्या, पण वेगळ्या कारणाने. “हे सगळं इथे फुकट उगवतं?” त्यांनी विचारलं. त्यांचा हात पुढे गेला होता. मुलीने ‘काही तोडायचं नाही’ची आठवण केली. हात मागे आला. नजर नाही आली.

सेक्रेटरींचा तोडण्याचा विषय जास्त तातडीचा होता. दसरा दोन आठवड्यांवर आला होता. वाटेवर जोडपानांचं एक झाड दिसताच ते म्हणाले, “हा आपटा. दहा-बारा डहाळ्या घेतल्या तर सोसायटीचं काम भागेल.”

“तोडता येणार नाही,” मुलगी म्हणाली. “आणि काका, हा आपटा नाही, कांचन आहे. आपट्याचं पान लहान असतं, जाडसर असतं. बरेच लोक दरवर्षी आपटा समजून कांचनच वाटतात.”

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी गेली अकरा वर्षं स्वखर्चाने सोनं वाटत आहेत. अकरा वर्षं खोटं सोनं वाटल्याचा ठपका चौदा सभासदांसमोर बसत होता. ते क्षणभर थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कांचन म्हणजे काय? सोनंच ना? मग आम्ही वाटतो तेच खरं सोनं. आपट्याचा अर्थ काय होतो ते सांगा बघू!” मुलगी गप्प बसली. अंदाजपत्रकाच्या सभेत आम्हीही असेच गप्प बसतो.

पक्ष्यांच्या बाबतीत मराठी माणसाने नावं ठेवण्याचं काम उत्तम केलंय, असं माझं मत आहे. नावं ठेवण्याचा आपला सराव जुनाच. हिरवागार, चिमुकला, तारेवर बसून हवेतल्या हवेत माश्या टिपणारा पक्षी. त्याचं काही चुकलं नसताना आपण त्याला वेडा राघू म्हणतो. कावळ्याला हुसकून लावणारा काळा पक्षी तो कोतवाल. आणि वाटेत पाचोळा उडवत सात-आठ मातकट पक्ष्यांचं टोळकं एकमेकांवर ओरडत होतं, ते सातभाई. मुलगी म्हणाली की यांना इंग्रजीत सात बहिणी म्हणतात. मराठीत भाऊ. मी थोडा वेळ उभा राहून त्यांच्याकडे पाहिलं. सगळे एकाच झुडपात, सगळे एकाच वेळी बोलतायत, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि तरी एकटा कुणी उडून जायला तयार नाही. वडिलोपार्जित घर विकायला काढलेलं असताना आमच्या काकांच्या ओसरीवर मी हे दृश्य प्रत्यक्ष पाहिलंय. मराठीचंच बरोबर आहे.

पुढे एका वळणावर मुलीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. दोन झाडांच्या मधल्या जागेत एक जाळं होतं. जाळं म्हणजे, आपल्या कोपऱ्यातलं केरसुणीने जाणारं जाळं नव्हे. एक दार जाईल एवढं रुंद, उन्हात पिवळसर चमकणारं, आणि मध्यभागी उलटी लटकलेली काळी-पिवळी कोळीण. पाय पसरलेले धरले तर माझा तळहात भरला असता. जायंट वुड स्पायडर, मुलगी म्हणाली. पावसाळा सरताना या हमखास दिसतात.

“आणि तिचा नवरा?” काकूंनी विचारलं.

“तो काय, वर कडेला.”

आम्ही सगळ्यांनी माना वाकड्या केल्या. बराच वेळ काही दिसेना. मग तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी तांबूस हललं. तो नवरा. तो स्वतः जाळं विणत नाही, तिच्याच जाळ्याच्या कडेला राहतो, तिच्या नजरेआड दबकून असतो, आणि ती जेवणात गुंतलेली असली की मगच जवळ जायचं धाडस करतो. कधी कधी एका जाळ्यावर असे दोन-तीन असतात.

बायकांनी हे निवेदन फार लक्षपूर्वक ऐकलं. त्या संपूर्ण सकाळीत एवढी शांतता एकदाच पसरली. पुरुषमंडळी पुढचं झाड बघायला निघाली. आमच्या हिने मोबाइलवर त्या दाण्याचा फोटो घेतला आणि तिथल्या तिथे बंगळुरूला पाठवला. “बाबा?” एवढंच उत्तर आलं.

थोड्या चढानंतर मुलीने शेवटचा उपाय केला. “आता दोन मिनिटं सगळ्यांनी शांत उभं राहायचं. डोळे मिटून.”

आम्ही टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. काकूंनी मला कोपराने ढोसून हळूच विचारलं, “कोण गेलं हो?”

कुणी गेलेलं नाही, जंगल ऐकायचंय, हे समजावण्यात अर्धं मिनिट गेलं. उरलेल्या दीड मिनिटात मी जंगल ऐकलं. कुठूनसं ‘कुर्टुर्र कुर्टुर्र’ असं न थांबता चाललं होतं. वर उंच एक शिक्रा ओरडला. लगेच त्याच फांदीवरून दयाळ गायला, आणि मग आणखी कुणीतरी. मुलगी कुजबुजली की हे सगळे एकच आहेत, तो भृंगराज. शेपटीला दोन लांब तारा असलेला हा पक्षी इतरांच्या हुबेहूब नकला करतो. मी डोळे उघडून वर पाहणार, तेवढ्यात जवळूनच ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ सुरू झालं. क्षणभर मला वाटलं, काय तयारीचा पक्षी! पण तो काकूंचा फोन होता. खालच्या पट्टीत बोलायचं या अटीवर त्यांना फोन घेऊ दिला. “नाही नाही, जंगलात आहे. पाणी आलं का वर?” मग आम्हा सगळ्यांना, “आलंय हो पाणी.” भृंगराज उडून गेला होता.

त्यानंतर नाश्ता. इथे मला लेखणी जरा सैल सोडायला हवी, कारण त्या दिवसात सर्वात जास्त वेळ याच कार्यक्रमाला मिळाला. काळ्या कातळाच्या एका सपाट पाठीवर वर्तमानपत्रं पसरली आणि डबे उघडले. आदल्या दिवशी एकादशी होती, म्हणून काकूंकडे साबुदाण्याची खिचडी होती. ती रात्रभरात अशी एकजीव झाली होती की वड्या पाडून वाटली. ठेपले होते, छुंदा होता, इडल्या होत्या, आमच्याकडची थालीपिठं होती. सेक्रेटरींनी ‘नाश्ता आपापला’ असा नियम स्वतःच केल्यामुळे ते रिकाम्या हाताने आले होते आणि सर्वांचं चाखून पाहत होते. मुलीने दोनदा घड्याळ बघून ‘कारवी अजून वीस मिनिटांवर आहे’ असं सुचवलं. पण आठ वर्षं थांबलेली कारवी अजून अर्धा तास थांबेल, यावर सभागृहात एकमत होतं.

माकड कधी आलं ते कुणाला दिसलं नाही. कॅमेरेवाल्यांच्या पाठपिशवीची चेन बाजूने उघडत गेली तेव्हा लक्ष गेलं. त्याने पाण्याची बाटली काढून बाजूला ठेवली. लेन्सचं झाकण हुंगून बघितलं आणि ठेवून दिलं. मग तळातून शेव-चिवड्याची पिशवी काढली, जिची गाठ कॅमेरेवाल्यांच्या सौभाग्यवतींना दहा मिनिटं सुटली नव्हती, आणि ती दोन बोटांनी सोडवत फांदीवर जाऊन बसलं. एवढ्या जवळून, एवढ्या प्रकाशात, इतकं निवांत बसलेलं जनावर, आणि कॅमेरा मात्र पिशवीशेजारी. तो घ्यायला जायची हिंमत कॅमेरेवाल्यांना झाली नाही. सेक्रेटरी उठले. कमरेवर हात ठेवून त्यांनी माकडाकडे बघितलं. माकडाने त्यांच्याकडे बघितलं. मग सेक्रेटरी खाली बसले. “ते मूळचे सभासद आहेत,” ते म्हणाले. “आपल्याकडे तर पार्किंगसुद्धा नाही.”

शेवटी कारवी.

आता हे कसं सांगावं? ग्रुपवर आलेल्या फोटोंत अख्खे डोंगर जांभळे दिसत होते. आम्ही शेवटची चढण चढून वर आलो, मुलीने ‘ही बघा’ म्हटलं, आणि आम्ही तिच्या बोटाच्या पलीकडे जांभळं काही शोधू लागलो. बोटाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना, डोक्यापर्यंत, खरबरीत पानांची काळपट हिरवी झुडपं उभी होती. त्यांच्यावर बोटभर लांबीचे चिकट तपकिरी तुरे होते. फुलं होती, ती खाली होती. बुधवारच्या पावसाने वाटेवर पाडलेली, चिखलात मिसळलेली, आमच्या बुटांखाली आलेली.

“आठ-दहा दिवस आधी यायला हवं होतं,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता. तिने ऑगस्टपासून सेक्रेटरींना सहा तारखा सुचवल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

कुणी काही बोलेना. मग आठवीतला मुलगा, ज्याने सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, तो एका झुडपात शिरला आणि ओरडला, “इथे आहेत!” दगडाच्या आडोशाला, जिथे पावसाचा मारा पोचला नव्हता, तिथे एका तुऱ्यावर सात फुलं होती. मी मोजली. निळसर जांभळी, कर्ण्यासारखी, गळ्याशी फिकट. एक मधमाशी एका फुलात पार शिरली होती, फक्त मागचे पाय बाहेर. ती उलट सरकत बाहेर आली, क्षणभर काठावर बसली आणि शेजारच्या फुलात शिरली. चौदा माणसं एकामागे एक वाकून ते बघत होती. काकूसुद्धा वाकल्या. दोन हजार एकोणीसनंतर पहिल्यांदा. सरळ करायला दोघांना लागावं लागलं.

आमच्या हिने तुऱ्याला हात लावला. बोटांना राळेसारखा चिकटपणा आला आणि एक उग्र वास. तो वास आवडला की नाही हे ठरवायला ती दिवसभर बोटं हुंगत होती. रात्री भाकरी थापतानासुद्धा तिने ती एकदा हुंगली.

सगळी कारवी एकाच वर्षी का फुलते, याचं एक स्पष्टीकरण मुलीने दिलं. बी खाणारे खूप असतात. दरवर्षी थोडं थोडं बी धरलं तर ते सगळं फस्त करतील. आठ वर्षांतून एकदा एवढं बी टाकायचं की खाणारे खाऊन खाऊन दमतील आणि तरी पुरून उरेल. हा हिशेब ऐकून मला आमच्या आत्याने एकुलत्या एका मुलाच्या लग्नात केलेली बुंदी आठवली. पाहुणे दमले, बुंदी उरली.

दादा इतका वेळ काठीवर रेलून आमच्याकडे बघत होते. सेक्रेटरींनी त्यांना जरा अपराधी स्वरात विचारलं, “तुम्ही दरवेळी बघता का हो फुलं?”

“दिसतात की येता-जाता,” दादा म्हणाले. “आम्हाला ती वाळलेली लागते. कुडाला.”

कारवीच्या काटक्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर शेण-माती लिंपायची, की भिंत तयार. पाड्यावरच्या घरांच्या भिंती पिढ्यान् पिढ्या अशाच होत आल्या. आम्ही ज्याला बहर गेला म्हणून हळहळत होतो, तिथे दादांच्या हिशेबी माल नुकता तयार व्हायला लागला होता. माझ्या भिंतीचे हप्ते वीस वर्षांचे होते, ही माहिती मी त्यांना दिली नाही.

दुपारी घरी पोचेपर्यंत ग्रुपवर फोटो पडले होते. कॅमेरेवाल्यांनी चिखलात पालथं पडून त्या सात फुलांचा असा फोटो घेतला होता, की चौकटीत जांभळ्याशिवाय काही नव्हतं. खाली पन्नास जणांचे ‘अप्रतिम!’, ‘भाग्यवान आहात!’ आले. अंगठा देऊन न आलेल्यांपैकी एकाने घरबसल्या अख्ख्या जांभळ्या डोंगराचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, ‘आपली बोरिवली!’ आठवीतल्या मुलाने लगेच त्याखाली लिहिलं की हा फोटो मुन्नारचा आहे, झाड नीलकुरिंजीचं आहे, ते कारवीच्या भावकीतलं असलं तरी बारा वर्षांनी फुलतं, आणि मागच्या खेपेला ते २०१८ साली फुललं होतं. त्या मुलाला ग्रुपमध्ये कुणी घेतलं, यावर मग रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालली.

पण मुलीने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती आम्ही धरून ठेवली. कारवीच्या बोंडांत बी तसंच राहतं, उन्हाळाभर वाळतं, आणि पुढच्या पावसाची पहिली ओल लागली की बोंडं फटाफट फुटतात. सगळ्या डोंगरभर तडतड ऐकू येते. म्हणजे बघणं हुकलं, तरी ऐकणं बाकी होतं. या वेळी हयगय नको म्हणून सेक्रेटरींनी मार्चमध्येच ठराव केला, सूचक-अनुमोदकासह: २०२५च्या जूनचा दुसरा रविवार. पाऊस मुंबईत अकरा जूनच्या आगेमागे येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

२०२५ साली पाऊस मुंबईत २६ मे रोजी आला. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नाही.

मी त्या आठवड्यात छत्री घेऊन एकटाच फाटकापर्यंत गेलो. दादा ड्युटी संपवून बाहेर पडत होते. मला त्यांनी ओळखलं. मी विचारायच्या आधीच म्हणाले, “झालं की. दोन रात्री नुसती तडतड चालली होती.”

आता २०३२. मी तोवर निवृत्त झालेला असेन, गृहकर्ज फिटलेलं असेल आणि मुलीच्या कुठल्याही परीक्षा नसतील. तुम्हाला यायचं असेल तर सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत थांबू नका, नाश्ता करून या, आणि सोमवारी येऊ नका. सोमवारी पार्क बंद असतं.